आधी टॉर्च

लेण्यांच्या डोंगराखाली, बेडशाला आमचं घर आहे. तिथल्या ०.१७७ एअर रायफलसाठी मी स्वस्तातला स्कोप शोधत होतो. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का आधी मागे, मग पुढे बसतो. साधा स्कोप त्याने बिघडतो. म्हणून एअर रायफलसाठीच बनवलेला आणि १० मीटरवर फोकस होणारा हवा. कागदी टार्गेटला एवढं पुरे.

"रात्री कुणी घरात शिरलं तर उपयोगी पडेल ना?" बाबांनी विचारलं.

गेल्या पावसाळ्यात मागच्या दारी सावली हलली होती. मी टॉर्च मारला. "अरे, मीच! रेडकू सुटलंय," शेजारचे काका ओरडले.

स्कोपमधून माणूस ओळखायचा, तर आधी त्याच्यावर नळी रोखावी लागते. म्हणजे निकाल आधी, चौकशी नंतर. भारतीय न्याय संहिता स्वसंरक्षणाचा हक्क देते, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा देत नाही. आणि गरज किती, हे समोर कोण आहे ते कळल्याशिवाय कसं ठरवणार?

स्कोप घेतला, सरावापुरता. रात्रीसाठी मागच्या दारी दिवा लावला. भीती माझी आहे. तिची किंमत काकांनी का मोजावी?