द्यायचा ढीग

बँकेत वीस वर्षं काढली की माणसाला एक सवय लागते. कुठलाही कागद फाडण्यापूर्वी तो तीनदा वाचायचा आणि मग फाडायचा नाही. ऑडिटवाले नेमका तोच मागतील ही भीती हाडात मुरलेली असते. ऑफिसात याला गुण समजतात. घरी काय समजतात ते लिहीत नाही, कारण माझं लिखाण आधी हिच्या हातात पडतं.

तर यंदा दिवाळीच्या आधी हिने बेडरूममधलं कपाट आवरायला काढलं. कपाट गोदरेजचं. गोदरेजने पोलादी कपाटं करायला सुरुवात केली १९२३ साली. आमचं काही तितकं जुनं नाही, पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घेतलेलं. दाराला उभा आरसा, आत लॉकर, आणि हँडल फिरवलं की मजल्यावरच्या चारही बिऱ्हाडांना कळतं. दार उघडताना एक हात वर आडवा धरावा लागतो, नाहीतर वरच्या कप्प्यातली पांघरुणं अंगावर येतात. पाहुण्यांना आम्ही हे आधी सांगून ठेवतो.

"अहो, दोन वर्षांत ज्याला हात लागला नाही ते बाहेर," ही म्हणाली. "तुमच्याच बँकेचा नियम आहे."

नियम मीच कधीतरी जेवताना सांगितला असणार. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. मी म्हटलं, "निष्क्रिय म्हणजे बेवारस नव्हे. दहा वर्षं कोणी फिरकलं नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, २०१४ पासून तसा निधीच आहे. पण त्यानंतरसुद्धा खातेदार किंवा त्याचा वारस आला तर बँकेला पैसे द्यावे लागतात. हक्क मरत नाही."

"मग या चॉकलेटी पँटचा वारस कधी यायचाय?"

पँटची कंबर तीस होती. मी गप्प बसलो.

वास्तविक मी कॉमर्सचा पदवीधर. घसाऱ्याच्या दोन पद्धती आम्हाला शिकवल्या होत्या. एकीत दरवर्षी ठराविक रक्कम वजा करायची, म्हणजे अमुक वर्षांनी वस्तूची किंमत शून्य. दुसरीत उरलेल्या किमतीच्या ठराविक टक्के वजा करायचे. हिची मौज अशी की किंमत कमी कमी होत जाते, पण गणिताप्रमाणे शून्य कधीच होत नाही. आमचं कपाट दुसऱ्या पद्धतीने चालतं. कॉलेजातली स्कार्फची गुंडी, बंद पडलेलं घड्याळ, एकाच हाताचा मोजा, प्रत्येकाची काही पैसे किंमत माझ्या वहीत शिल्लक आहेच. हिची पद्धत पहिली. लग्नाआधी पत्रिका जुळवतात, त्यात हा एक रकाना हवा होता.

मग तिने त्या जपानी मारी कोंडोबाईंचं काढलं. वस्तू हातात घ्यायची आणि आनंद होतो का ते पाहायचं, नसेल होत तर तिला निरोप द्यायचा. मी म्हटलं, या हिशोबाने पहिल्यांदा आयकराची फाइल जाईल. ते बाजूला राहिलं, आणि पलंगावर तीन ढीग सुरू झाले. ठेवायचं, द्यायचं, फेकायचं.

मला एक गोष्ट लवकर लक्षात आली. फेकायचा ढीग वाढेचना. फेकणं म्हणजे पाप वाटतं, पण 'द्यायचं' म्हटलं की हात मोकळा सुटतो. कॉलर विरलेला शर्ट, द्यायचं. चेन गेलेली पँट, द्यायचं. उसवलेला स्वेटर, मावशींच्या नवऱ्याला होईल. तासाभरात द्यायचा ढीग माझ्या छातीला लागला आणि मला उगीचच उदार वाटायला लागलं.

आमची मुलगी आठवीत आहे. ती तिथे काहीतरी खात उभी होती. तिने तो कॉलरवाला शर्ट उचलला.

"बाबा, हा तुम्ही घालाल?"

"छे. कॉलर गेलीय त्याची."

"मग मावशींच्या काकांनी का घालायचा?"

कठोपनिषदातली गोष्ट अण्णा आम्हाला लहानपणी सांगत. वाजश्रवसाने यज्ञात सर्वस्व दान करायला काढलं. पण गाई कुठल्या निवडल्या, तर ज्यांचं पाणी पिऊन झालंय, गवत खाऊन झालंय, दूध काढून झालंय अशा भाकड. थोडक्यात त्याने गोठा आवरायला काढला होता. पोरगा नचिकेत ते बघत होता. त्याने तीनदा विचारलं की बाबा, मला कोणाला देणार? बाप भडकला आणि म्हणाला, तुला यमाला देतो. लहानपणी मला त्या बापाचा राग यायचा. त्या दिवशी पहिल्यांदा सहानुभूती वाटली. मी आपला, "अभ्यास झाला का?" एवढंच म्हणालो.

आईच्या वेळी हे बरं होतं. बोहारीण यायची. तीन साड्या, दोन पँटी आणि वर एक धोतर घेऊन स्टीलचं पातेलं द्यायची. दुपारभर दारात घासाघीस चालायची, दोघी एकमेकींना फसवायच्या आणि दोघी खूश असायच्या. दान केल्याचा आव त्यात कोणाचाच नव्हता. बोहारीण गेली आणि आम्ही दानशूर झालो.

अर्ध्याहून जास्त ढीग मी निमूटपणे फेकायच्यात सरकवला. आणि मग तळाच्या कप्प्यातून अण्णांचा कोट निघाला.

कोट लोकरीचा, काळसर, अस्तर अजून कोरं. अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली. दर दिवाळीला मी तो उन्हात घालतो, डांबरगोळ्या बदलतो आणि परत ठेवतो. तो मला खांद्यात होत नाही. पण तो ठेवायच्या ढिगात जाणार याबद्दल चर्चासुद्धा होत नसे. पोरीने काही विचारलं नाही, नुसतं पाहिलं. मला आमचे वॉचमनकाका आठवले. डिसेंबरात नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि ते गेटपाशी रात्रभर एका घोंगडीत बसतात.

आई दारातच बसली होती. तिला विचारताना माझा आवाज जरा कापला. ती सहज म्हणाली, "दे की. त्यांना कुठे आवडायचा तो? टोचायचा त्यांना."

"टोचायचा? मग ठेवला कशाला इतकी वर्षं?"

"माझ्या माहेरचा ना. लग्नात मानाचा म्हणून दिलेला. टाकवेना त्यांच्याने."

अकरा वर्षं मी अण्णांची आठवण म्हणून जे जपलं, ते अण्णांच्या अंगाला टोचत होतं. आता देणं सोपं व्हायला हवं होतं, पण झालं उलटंच. तरी त्याच संध्याकाळी खाली गेलो आणि काकांना कोट दिला. "वडलांचा आहे," हेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती.

पुढे थंडी पडली. रात्री मी गॅलरीतून खाली बघायचा. घोंगडीच. दुसऱ्या दिवशीही घोंगडी. कर्ज देताना बँक तारणावर आपला हक्क नोंदवून ठेवते, कर्ज फिटेपर्यंत तो सुटत नाही. कोट खाली गेला होता, पण माझी नोंद काही निघाली नव्हती. विकला असेल का? गावी धाडला असेल? आणि धाडला असेल तर माझ्या बापाचं काय गेलं? पण झोप येईना. चौथ्या दिवशी दूध आणायच्या निमित्ताने उतरलो.

"काका, थंडी आहे ना?"

"हाय ना साहेब."

"कोट बरा आहे ना?"

काकांनी गेटाकडे पाहिलं. "कोट झाक हाय साहेब. जरा टोचतो, एवढंच."

"मग देऊन टाका की कोणाला!"

"असं कसं साहेब? वडलांचा म्हणून दिला तुम्ही. टाकवत न्हाई. ट्रंकेत ठिवलाय, गोळ्या टाकून."

काकांची खोली जिन्याखाली आहे. पलंगाला जागा नाही. घरच्या सगळ्या चीजवस्तू त्या एका ट्रंकेत असतात, हे मला माहीत आहे.

"मावला का?" मी विचारलं.

"दोन गोधड्या काढाव्या लागल्या भाइर. पर मावला."

मी दूध न घेताच वर आलो. आईने विचारलं, "घालतो का रे तो?" मी "हो" म्हणालो. रविवारी बाजारातून एक नवा, मऊ स्वेटर आणून काकांना दिला, तो ते घालतात. पण कोटाचं काय करायचं ते ठरलेलं नाही. परत मागावा, तर दिलेलं परत घेतल्यासारखं होतं. न मागावा, तर गोधड्या बाहेर. आमच्या कपाटात तशी जागा झालेली आहे.