गोळी घेणारा अविश्वासू नसतो



आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला आम्ही घरोघरी जातो, तेव्हा रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या टेबलावर उघड्या ठेवलेल्या दिसतात. नैराश्यावरच्या गोळ्या मात्र कपाटात, साड्यांच्या घडीखाली असतात. घरातल्या सुनेला ठाऊक नसते की सासूबाई त्या घेतात, आणि सासूबाईंना ठाऊक नसते की सूनही घेते.

ह्या लपवालपवीमागे भीती असते. वाडीत कळले तर ‘डोक्याचे औषध’ म्हणतील, मुलीचे लग्न अडेल, ही एक. एकदा सुरू केली की आयुष्यभर सुटणार नाही, ही दुसरी. तिसरी सहसा कोणी बोलून दाखवत नाही: माझी श्रद्धा कमी पडली, म्हणून मला गोळी लागते. ह्या तिसऱ्या भीतीपायी माणसे काय करतात? रिट्रीटहून येतात, मन हलके झालेले असते, आणि गोळ्या बंद करतात. कोणी प्रायश्चित्तकाळात त्याग म्हणून बंद करतो. आठवड्याभरात चक्कर येऊ लागते, झोप उडते, घरच्यांवर चिडचिड होते, आणि तो म्हणतो, देवाने मला सोडले.

देवाने सोडलेले नसते. गोळी एकदम बंद झालेली असते.

एलिया संदेष्ट्याची गोष्ट आपण मिस्सामध्ये ऐकतो. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला हा माणूस ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागू लागला. त्याला कोणी अविश्वासू म्हणेल का? देवाने त्याला एका शब्दानेही रागे भरले नाही. दूताकरवी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पाठवले, झोपू दिले, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले. होरेब डोंगरावरचे बोलणे त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. आधी शरीराची सोय झाली.

बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय घरी उघडून वाचा. (हा ग्रंथ आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बंधूंच्या प्रतीत सहसा सापडणार नाही.) वैद्याला मान द्या, औषधे प्रभूनेच जमिनीतून निर्माण केली, शहाणा माणूस ती झिडकारत नाही, असा त्याचा आशय आहे. आजारपणात प्रार्थनाही करायची आणि वैद्यालाही जागा द्यायची, दोन्ही एकाच अध्यायात सांगितले आहे. २००६ सालचा जागतिक रुग्णदिन पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी दिला होता. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तर वयाच्या ४२ व्या वर्षी आपण सहा महिने एका मनोविश्लेषक बाईंकडे जात होतो, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मोकळेपणाने सांगितले. पोपना लाज वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी?

आता गोळीविषयी थोडे स्पष्ट बोलू या. डॉक्टर आज बहुधा सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन अशा गोळ्या देतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. मळमळ, डोकेदुखी, तोंडाला कोरड, झोपेचा बिघाड हा त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होऊ शकतो. म्हणजे सुरुवातीला नुसता तोटाच दिसतो, आणि तिथेच पुष्कळजण सोडून देतात. बहुतेकांचा हा त्रास आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतो. काही त्रास उतरत नाहीत: वजन वाढणे, भावना बोथट होणे, पतिपत्नीच्या संबंधात अडचण येणे. हे शेवटचे तर कोणी डॉक्टरांपाशीही बोलत नाही. बोलावे. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना सुरुवातीच्या दिवसांत फार अस्वस्थ वाटू लागले किंवा मरणाचे विचार वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

आणि सोडण्याची भीती? ती अगदीच खोटी नाही. दारूसारखी ओढ ह्या गोळ्यांची लागत नाही, पण शरीराला त्यांची सवय होते. म्हणून अचानक थांबवल्यास गरगरणे, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होणे, विचित्र स्वप्ने पडणे असे घडते. हे बहुधा काही दिवसांतच सुरू होते. मूळ आजार उलटतो तो सहसा हळूहळू, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. दोन्हींत गल्लत होते आणि माणूस घाबरतो. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने गोळी चालू ठेवायला सांगतात, आजार पुन्हा पुन्हा आलेला असेल तर अधिक काळ. नंतर ती पायरीपायरीने, काही आठवडे किंवा काही महिने घेऊन उतरवायची असते, आणि शेवटच्या पायऱ्या सर्वांत सावकाश. त्रास झाला तर एक पायरी मागे जाता येते. मनाने अर्धी तोडून घेणे किंवा एक दिवसाआड घेणे, हा तो मार्ग नव्हे.

प्रार्थनासभेत खरोखर बरे वाटले असेल, तर? प्रभू येशूने दहा कुष्ठरोग्यांना याजकांकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितले. शुद्ध झालो की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या काळी याजकांचा होता. आज तो डॉक्टरांचा आहे. त्यांना जाऊन दाखवा. प्रभूने दिलेले बरेपण डॉक्टरांच्या तपासणीने कमी होत नाही.

घरच्यांना एक विनंती. भांडणात ‘आज गोळी घेतली नाहीस वाटते’ असे कधीही म्हणू नका. त्या एका वाक्याने माणूस गोळी लपवू लागतो.

रविवारी सकाळी गोळी कशी घ्यावी, असे काहीजण विचारतात. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते, आणि खाल्ले तर ख्रिस्तप्रसाद चुकेल ही धास्ती. ख्रिस्तसभेचा नियम असा आहे की ख्रिस्तप्रसादाआधी एक तास अन्नपेय वर्ज्य, परंतु पाणी आणि औषध यांनी हा उपवास मोडत नाही. वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांनी त्या तासाच्या आत काही खाल्लेले असले, तरी ते ख्रिस्तप्रसाद घेऊ शकतात. तेव्हा दोन बिस्किटे खा, गोळी घ्या आणि मिस्साला या.

मन फारच खचले असेल आणि रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसेल, तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक २०२२ पासून चालू आहे. फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येते. आमच्याकडेही या. डॉक्टरांकडे एकट्याने जायला धीर होत नसेल तर तसे सांगा, सोबत येऊ.