गाढवाची वंशावळ

फ्रान्सिस्को गोयाचं एक चित्र माझ्या फोनमध्ये कधीपासून सेव्ह आहे. कोट घातलेलं गाढव टेबलाशी बसलंय, समोर जाडजूड पुस्तक उघडं, आणि पानावर ओळीनं गाढवंच गाढवं. मथळा साधारण असा: ‘थेट आजोबांपर्यंत’. घराण्याचा तोरा मिरवणाऱ्या स्पॅनिश उमरावांची ही टर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खूप हसलो आणि लगेच दोन ग्रुपवर फॉरवर्ड केलं.

हे ‘लॉस काप्रिचोस’ या ८० चित्रांच्या संचातलं. तांब्याच्या पत्र्यांवर आम्लानं कोरून छापलेली ही चित्रं फेब्रुवारी १७९९ मध्ये माद्रिदच्या एका अत्तर-मद्याच्या दुकानात विक्रीला आली. जाहिरातीत खुलासा होता, की ही थट्टा कुणा एका व्यक्तीची नाही. त्याच वर्षी गोया दरबाराचा पहिला चित्रकार झाला. १८०३ मध्ये त्यानं पत्रे आणि न खपलेले संच राजालाच देऊन टाकले, बदल्यात मुलाला पेन्शन मिळालं.

हे वाचून मी वैतागलो होतो. नाव घ्यायची हिंमत नाही, वर राजाचा पगार! ही कसली टीका?

वैताग अजून पुरता गेलेला नाही. नाव न घेतल्यानं खरे गुन्हेगारही हसून मोकळे होतात. इन्क्विझिशनची भीती खरी होती, पण भीती हे कारण झालं, समर्थन नाही.

तरी एक गोष्ट मला मागाहून कळली. नाव घेतलं की बाकी सगळे सुटतात. बोट त्याच्याकडे, आपण प्रेक्षक. नाव नसलं की ती खुर्ची रिकामी राहते.

गेल्या वर्षी बहिणीच्या स्थळासाठी बायोडेटा मीच टाइप केला. तिच्या नोकरीबद्दल एक ओळ, घराण्याबद्दल पाच. पणजोबांची इनामाची जमीनही त्यात होती. ती म्हणाली, “यात मी कुठंय?” मी म्हणालो, “अगं, असंच लिहितात.”

परवा ते गाढव पुन्हा समोर आलं, आणि या वेळी हसू आलं नाही. बायोडेटाची फाइल उघडली, पाच ओळी खोडल्या आणि तिला फोन केला. म्हटलं, आता तू सांग, मी लिहितो.