निष्काम कर्म आणि मतपेटी

गीतेतील निष्काम कर्माचा, म्हणजे फळाची आसक्ती न धरता कर्तव्य करीत राहण्याचा, आदर्श लोकप्रतिनिधीला लावू पाहिला की अडचण उभी राहते. कारण केलेल्या कामाचा हिशेब देऊन दर पाच वर्षांनी मत मागणे ही त्याच्या पदाची रीतच आहे. सांगोल्यातून १९६२ पासून ११ वेळा विधानसभेवर निवडून गेलेले गणपतराव देशमुख यांची कारकीर्द या प्रश्नाच्या विचारास विशेष उपयोगी पडते. दाभाडी प्रबंधाद्वारे मार्क्सवाद स्वीकारणाऱ्या शेतकरी कामगार पक्षाच्या नेत्याला गीतेची कसोटी लावणे काहींना विचित्र वाटेल; परंतु ती येथे आचरणाला लावायची आहे, श्रद्धेला नव्हे.

फळ दोन प्रकारचे असते: एक कर्माचे, जसे दुष्काळी तालुक्यातील शेताला पाणी मिळणे, आणि दुसरे कर्त्याचे, म्हणजे त्याबद्दल पदरात पडणारे मत, मंत्रिपद किंवा कीर्ती. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाच्या धारणेसाठी, ज्ञानी पुरुषानेही कर्म सोडू नये असे प्रतिपादन केले; त्या दृष्टीने पाहता सोडायची ती दुसऱ्या फळाची आसक्ती होय. पाण्याबाबतच उदासीन असलेला आमदार योगी ठरत नाही, कामचुकार ठरतो.

१९७८ आणि १९९९ नंतरच्या सरकारांतील मंत्रिपदाचा अल्प काळ वगळता देशमुख मुख्यतः विरोधी बाकांवर बसले, जेथे मागणी मान्य झाली तरी श्रेय बहुधा सरकारकडे जाते. पक्ष आक्रसत गेला आणि पक्षांतर हा राजकारणातील रुळलेला मार्ग झाला, तरी त्यांनी पक्ष सोडला नाही. १९९५ मध्ये अवघ्या १९२ मतांनी पराभूत झाल्यावरही ते त्याच मतदारांमध्ये काम करीत राहिले आणि १९९९ मध्ये पुन्हा निवडून आले.

तथापि आसक्तीचे एक सूक्ष्म रूप उरते. २०१९ मध्ये ते स्वतः उभे राहिले नाहीत आणि उमेदवारी नातवाला मिळाली. तो हरला, तर २०२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, दुसरा नातू जिंकला. निवड मतदारांनी केली हे उत्तर लोकशाहीला पुरते, पण निष्कामतेची कसोटी कर्त्याच्या हेतूची असल्याने येथे ते अपुरे पडते. पदाबाबत देशमुख या कसोटीला उतरतात; घराण्याबाबत तसा निर्वाळा देता येत नाही.