वाहनाचा प्रकार

गरम पाण्याच्या आंघोळीसाठी माणसाने घरापासून किती लांब जावे, याची मर्यादा कुठल्याही शास्त्रात घालून दिलेली नाही. ती असती तर पालघर-बोईसरच्या माणसाने हिमालयात पाऊल टाकणे हा सरळ नियमभंग ठरला असता. कारण गरम पाण्याच्या बाबतीत आमचा मुलूख मोठा सधन आहे. हालोली आहे, कोकनेर आहे, सातिवली आहे. जिल्ह्याची वेस जरा ओलांडली की तानसा नदीच्या काठाने अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरी अशी कुंडांची नुसती माळ लागते. वज्रेश्वरीचे देऊळ तर असे दणकट की लांबून किल्लाच वाटावा. वसई सर झाली तर देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पा बोलले होते. १७३९ साली वसई पडली आणि नवस फिटला.

हे पाणी ज्वालामुखीचे नव्हे, असे जाणकार सांगतात. पावसाचेच पाणी खडकाच्या भेगांतून खोल खोल उतरते, तिथे तापते आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येते. म्हणजे मुदतठेवच म्हणायची. गार पाणी ठेवा, यथावकाश ऊन पाणी घ्या. आणि एवढ्याने भागेना म्हणूनच की काय, सरकारने १९६९ साली तारापूरला पाणी उकळण्याचा कारखानाच सुरू केला. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचा प्रकारच मुळी 'उकळत्या पाण्याची अणुभट्टी' या नावाने ओळखला जातो. माझे मेव्हणे तिथे होते. ते अजून ऐकवतात, "भावोजी, तुमची सगळी कुंडं एकीकडे आणि आमचं पाणी एकीकडे. फक्त आंघोळीला परवानगी नाही."

डोंगरच चढायचा हट्ट असेल तर वाघोबा खिंडीत उतरून काळदुर्ग चढता येतो. आशेरी आहे, कोहोज आहे. संस्कृती पाहायची तर चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा पंधरा दिवस चालते, आणि ज्यांच्या वारली चित्रांनी जगाला चौकोन, त्रिकोण आणि वर्तुळ पुन्हा नव्याने दाखवले ते पद्मश्री जिव्या सोमा मशे आमच्याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. थोडक्यात, 'गिर्यारोहण, संस्कृतिदर्शन व उष्णोदकस्नान' असे जे माहितीपत्रकात छापले होते, ते सगळे एस.टी.च्या तिकिटात बसणारे होते.

तरीही आम्ही चौदा जण यमुनोत्रीला गेलो. याचे कारण एल.एफ.सी. बँकेत नोकरी न केलेल्यांसाठी सांगतो: लीव्ह फेअर कन्सेशन. नोकराने सहकुटुंब लांब जाऊन यावे आणि भाडे बँकेने द्यावे, अशी ही योजना आहे. लांब, हा शब्द महत्त्वाचा. कोकनेरला जाऊन आलेल्याला बँक चहासुद्धा पाजत नाही. आता तुम्हीच सांगा, पुण्य अंतरावर अवलंबून असते की नाही?

हा प्रश्न मी गंमत म्हणून विचारत नाही. आमच्या बोईसरच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत तो चांगला आठवडाभर चघळला गेला. यमुनोत्रीला पूर्वी मोटारीचा रस्ता हनुमानचट्टीपर्यंतच होता, पुढचे तेरा-चौदा किलोमीटर पायी. आता मोटार जानकीचट्टीपर्यंत जाते आणि चढ पाच-सहा किलोमीटरचा उरतो. मग जुन्या यात्रेकरूला जे पुण्य मिळाले ते आम्हाला मिळणार, की व्याजाच्या दराप्रमाणे तेही उतरले? आमच्या कर्जविभागाचे मत पडले, की दर उतरला. हेडकॅशियर म्हणाले, "दर तोच आहे, मुद्दल कमी झालं." यावर कुणाला बोलता येईना, कारण त्यांचा हिशेब कधी चुकत नाही. पंचवीस वर्षांत त्यांची रोकड एका रुपयानेही इकडची तिकडे झालेली नाही.

त्यांच्या आई आमच्याबरोबर होत्या. वय चौऱ्याहत्तर, वजन वयाच्या निम्मे. केळव्याच्या पानमळ्यात जन्म गेलेला. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो. जानकीचट्टीला पोचल्यावर प्रश्न आला, काकूंनी वर जायचे कसे? तिथे तीन सोयी. घोडा, म्हणजे खरे तर खेचर, दंडी, म्हणजे चार माणसांनी उचलायची पालखी, आणि कंडी. कंडी म्हणजे एका माणसाच्या पाठीवरची वेताची टोपली. यात्रेकरूने त्यात बसायचे आणि त्या माणसाने चढायचे.

काकूंनी खेचराकडे एकदा पाहिले. "त्याची पाठ माझ्यापेक्षा वाकली आहे." दंडीकडे पाहिले. "चौघांच्या खांद्यावरून मी एकदाच जाणार आहे. त्याची घाई नाही." राहिली कंडी.

आता इथे आमच्या सहलप्रमुखाने पावती फाडली असती आणि आम्ही पुढे निघालो असतो. पण काकू टोपलीपाशी जाऊन बसल्या. वीण चाचपली, बूड दाबून पाहिले, मग खांद्याचे पट्टे हातात घेतले. आयुष्यभर पानांच्या टोपल्या डोक्यावरून वाहिलेली बाई ती, टोपलीतले तिला बँकेतल्या सगळ्या कॉमर्स ग्रॅज्युएटांपेक्षा जास्त कळत होते. "हा पट्टा काचेल," असे म्हणून त्यांनी स्वतःच्या पिशवीतला पंचा काढला, त्याची घडी केली आणि त्या माणसाच्या खांद्यावर पट्ट्याखाली सारली. तो तिशीतला नेपाळी. तो बावचळून आमच्याकडे बघायला लागला. मला वाटते, आजवर त्याला घासाघीस करणारे पुष्कळ भेटले असावेत, घडी घालणारे कोणी नसावे.

कंडीत बसणाऱ्याचे तोंड मागे असते. पाठीला पाठ. त्यामुळे नेणाऱ्याला पुढची वाट दिसते आणि नेल्या जाणाऱ्याला मागची. मी मागून येत होतो, म्हणून सबंध चढावर काकूंचा चेहरा माझ्यासमोर. यात्रेला निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असायला हवा तसा भक्तिभाव काही त्यावर नव्हता. उसन्या पैशांवर जेवायला बसलेल्या माणसाचा चेहरा होता. दर वळणावर तो माणूस टी आकाराच्या काठीवर टोपलीचे बूड टेकवून उभ्याउभ्याच दम घ्यायचा, आणि काकू मागे न बघता विचारायच्या, "दुखतं काय रे?" तो म्हणायचा, "नहीं माताजी." दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दोघेही खरे बोलत नव्हते, कारण काकूंना उत्तर आधीच माहीत होते.

वरचे वर्णन मी थोडक्यात उरकतो. बर्फ पाहिले, गारठलो. सूर्यकुंडातले पाणी असे कढत की फडक्यात तांदूळ आणि बटाटे बांधून सोडायचे आणि शिजवून प्रसाद म्हणून घरी न्यायचे. त्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे भात दाताखाली जरा बोलतो. आंघोळीचे कुंड वेगळे, ते सोसवेल इतके गरम. तिथे मात्र तासभर आम्ही मराठी माणसाला शोभेल अशी आंघोळ केली, म्हणजे दुसऱ्याला जागा दिली नाही. उतरल्यावर खरसाली पाहिले. दिवाळीत यमद्वितीयेला, म्हणजे आपल्या भाऊबीजेला, यमुनोत्रीचे देऊळ बंद होते आणि यमुनामाई हिवाळ्यापुरती इथे राहायला येते. इथेच तिच्या भावाचे, शनीचे, दगडा-लाकडाचे जुने उंच देऊळ आहे. दुसरा भाऊ यम. माहेर असे असल्यावर तिला वाकडे बोलण्याची कुणाची बिशाद!

पण माझे लक्ष प्रसादाच्या वेळी जे घडले त्याकडे आहे. काकूंनी फडके सोडले, त्यातला अर्धा भात काढला आणि त्या कंडीवाल्याला दिला. मुलाला म्हणाल्या, "त्याला सांग, अर्धं पुण्य त्याचं." हेडकॅशियरनी आपल्या बोईसरी हिंदीत भाषांतर केले. तो माणूस हसला. म्हणाला, "माताजी, पुण्य मिलता होता तो मैं अब तक भगवान हो जाता. इस सीझन में कितनी बार आया, गिना नहीं." मग काकूंनी विचारले, कुंडात आंघोळ तरी करतोस का? तो म्हणाला, वेळ कुठे असतो, खाली जाऊन दुसरी सवारी बघायची असते. भात मात्र त्याने टाकला नाही. उपरण्याच्या टोकाला बांधून घेतला.

उतरताना आमच्यात दोन तट पडले. एक तट म्हणाला, यात रडण्यासारखे काय आहे? त्याने काम केले, आपण दाम दिले, पावती घेतली. तुम्ही माणुसकी म्हणून कंडीत बसला नाहीत तर त्याच्या घरची चूल पेटायची नाही. दुसरा तट म्हणाला, माणसाने माणसाच्या पाठीवर बसायचे आणि त्याला यात्रा म्हणायचे, याहून घरी बसावे. दोन्ही बाजूंनी आवाज चढले, कारण दोन्ही बाजूंचे लोक आता उतारावर होते आणि दम शिल्लक होता.

हा वाद हिमालयातलाच आहे असे नाही. माथेरानला मोटारींना मज्जाव, म्हणून माणसांनी ओढायच्या हातरिक्षा तिथे वर्षानुवर्षे चालल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा महिन्यांत बंद करायला सांगितले. पण नुसते बंद करा म्हणून कोर्ट थांबले नाही. ओढणाऱ्यांना विजेवरच्या रिक्षा देऊन त्यांच्या पोटाचे बघा, असेही बजावले. दोन्ही तटांचे म्हणणे कोर्टाने एकाच कागदावर घेतले, असे मी आमच्या लोकांना सांगून पाहिले. पण हिमालयात विजेची कंडी येईपर्यंत काय करायचे, असे विचारल्यावर मीही गप्प बसलो.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा, एवढे एक तत्त्व मला आयुष्यभर पुरले आहे. त्या हिशेबाने पाहिले तर चढ त्याने दिला, काकूंनी घेतला. पैसे काकूंनी दिले, त्याने घेतले. खाते बरोबर जुळते. मग तो पंचा कुठे दाखवायचा? तो पावतीत नव्हता, दराच्या फलकावर नव्हता. आणि मला तर असे वाटते की सगळ्या व्यवहारात जमेला धरण्यासारखी तेवढीच एक गोष्ट होती. पैसे दिले की फिटले, हे मला पटत नाही; आणि मी बसणारच नाही म्हणून हात झटकून मोकळे होणे, हे त्याहून पटत नाही. श्रावणबाळाने आई-बापांना कावडीत घालून यात्रा घडवली, त्याने पावती फाडली नव्हती, आणि पुण्य कुणाचे हा प्रश्नही कुणी काढला नाही. पण तो मुलगा होता. भाड्याच्या माणसाला मुलगा म्हणता येत नाही आणि नुसते भाड्याचा म्हणवत नाही, इथेच तर सगळी अडचण आहे.

आमच्या जिल्ह्यात एक तिसरा प्रकारही आहे, त्याचे माहितीपत्रक निघत नाही. जव्हार-मोखाड्याच्या काही पाड्यांना पावसाळ्यात रस्ता नसतो. अडलेल्या बाईला झोळीत घालून, झोळी बांबूला बांधून, पाड्यातली माणसे चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. पेपरात बातमी येते, आम्ही पालघर-उमरोळी-बोईसर एवढ्या प्रवासात ती वाचून संपवतो. तिथे दर नसतो, पावती नसते, पुण्याचे नाव कुणी काढत नाही. उचलणारा उद्या स्वतः झोळीत असू शकतो, हे सर्वांना ठाऊक असते. ही गोष्ट मी खरसालीच्या चहाच्या टपरीवर काढली तेव्हा दोन्ही तट थोडा वेळ चहाच पीत राहिले. काकू म्हणाल्या, "झोळीला पंचा पुरायचा नाही."

परत आलो आणि एल.एफ.सी.ची बिले भरायला बसलो. हेडकॅशियरचा स्वभाव सांगितलाच आहे. खर्च झाला तो लिहिलाच पाहिजे, आणि खरा लिहिला पाहिजे. फॉर्ममध्ये रकाने आहेत: प्रवाशाचे नाव, नाते, कोठून, कोठे, वाहनाचा प्रकार, भाडे. नाते या रकान्यात नियमाप्रमाणे 'आश्रित आई' असे लिहावे लागते. काकूंनी ते वाचले आणि म्हणाल्या, "आश्रित? पानं वाहून तुला बी.कॉम. मी केला." पण नियम तो नियम. पुढे जानकीचट्टी ते यमुनोत्री या ओळीपाशी हेडकॅशियर थांबले. रेल्वे नाही, बस नाही. 'इतर' असे लिहिता आले असते. आम्ही सगळ्यांनी तेच सुचवले. त्यांनी पेन उघडले आणि 'वाहनाचा प्रकार' या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिले: माणूस.

बिल पंधरा दिवसांनी परत आले. त्या ओळीभोवती लाल शाईचे वर्तुळ आणि खाली शेरा: 'सदर वाहन मान्य यादीत नाही. खुलासा करावा.' शाखेत आम्ही सगळे खुलाशाचे मसुदे करतो आहोत. कर्जविभागाचा मसुदा दोन पानांचा आहे, माझा सहा ओळींचा. काकूंचे म्हणणे, त्या यादीत नाही हे बरेच आहे, उगाच घालायला सांगू नका. पैसे सोडून दे. हेडकॅशियर पैसे सोडायला तयार आहेत, पण हिशेबातली ओळ खोडायला तयार नाहीत. खुलाशाची मुदत तीस तारखेपर्यंत आहे.