आतां या वयांत कशाला?

मनुष्यानें पन्नाशी ओलांडिली म्हणजे त्याच्या प्रत्येक नव्या उद्योगाविषयीं एक ठराविक प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्या समाजानें स्वतःकडे घेतलेला आहे. तो प्रश्न म्हणजे, ‘आतां या वयांत कशाला?’ घर बांधावयास काढलें, मुलीचें लग्न ठरविलें किंवा काशीयात्रेचीं तिकिटें काढलीं, तर हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. कारण पहिल्या दोन गोष्टी दुसऱ्यांसाठीं असतात आणि तिसरी परलोकासाठीं. परंतु गाणें शिकावयास आरंभ केला, किंवा आरशासमोर नेहमींपेक्षां चार क्षण अधिक घालविले, कीं प्रश्न आलाच. अलीकडे हा प्रश्न एका नव्या निमित्तानें आमच्या कानांवर येऊं लागला आहे. पन्नास, पंचावन्न, क्वचित् साठ वर्षांचीं माणसें वेडेवांकडे दांत सरळ करण्याकरितां दांतांना तार लावून घेऊं लागलीं आहेत. नातीच्या तोंडांत तार आणि आजीच्याही तोंडांत तार, हें पाहून लोकांना हसूं येतें, व त्या हसण्याच्या पोटीं एक नैतिक निवाडाही असतो: हा म्हातारचळ आहे. हा निवाडा न्याय्य आहे काय, याचा विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. दांत हाडांत खिळ्यासारखा ठोकलेला असतो अशी सामान्य समजूत आहे. ती खरी नाहीं. दांताचें मूळ व जबड्याचें हाड यांच्यामध्यें सुमारें ०.२ मिलिमीटर जाडीचा, तंतूंचा एक जिवंत थर असतो. दांतावर हलका परंतु टिकाऊ दाब दिला म्हणजे ज्या बाजूस तो ढकलला जातो त्या बाजूचें हाड झिजतें आणि मागल्या बाजूस नवें हाड भरतें. अशा रीतीनें दांत आपली वाट काढीत महिन्यास सुमारें १ मिलिमीटर सरकतो. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानें १७२८ सालच्या आपल्या ग्रंथांत दांत ओळींत आणण्यासाठीं धातूच्या पट्टीचा उपयोग वर्णिला. पुढें अमेरिकेंतील एडवर्ड अँगल यानें १८९९ सालीं दांतांच्या वांकडेपणाचें वर्गीकरण करून या विद्येस शास्त्राचें रूप दिलें.

हाडाची ही घडामोड वयाबरोबर मंदावते, पण थांबत नाहीं. वाढ पूर्ण झालेल्या मनुष्याच्या दोन जबड्यांतील मोठी तफावत केवळ तारेनें दूर होत नाहीं, तिला शस्त्रक्रिया लागते, हें खरें. हिरड्यांचा रोग असल्यास तो आधीं आटोक्यांत आणावा लागतो. दांतांचीं मुळें थोडीं आखूड होण्याचा धोका असतो. आणि हाडें ठिसूळ होऊं नयेत म्हणून घ्यावयाच्या कांहीं औषधांनीं दांतांचें सरकणेंच अडतें, म्हणून तीं घेणाऱ्यानें दंतवैद्यास तसें आधींच सांगणें अवश्य असतें. या मर्यादा सांभाळल्या तर साधारणतः दीड-दोन वर्षांत पन्नाशींतल्या मनुष्याचे दांतही ओळींत येतात. सारांश, ‘या वयांत होत नाहीं’ असें आतां म्हणतां येत नाहीं. ‘या वयांत करूं नये’ एवढेंच सिद्ध करावयाचें राहतें.

दांत आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दांत नाहींत, ही म्हण आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. आज पन्नाशीच्या पलीकडे असलेल्या पिढीच्या बाबतींत ती थोड्या निराळ्या अर्थानें खरी ठरली. तिच्या बाळपणीं दांत सरळ करणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांपुरते होते; इतरत्र दांताचा डॉक्टर असलाच तर त्याचें काम दुखरा दांत काढण्याचें. जेथें सोय होती तेथें पैसा नव्हता, आणि जेथें पैसा होता तेथें तो घरांतील अधिक निकडीच्या कामांस लागत असे. आतां सोय आहे, थोडाबहुत पैसा आहे, आणि सुदैवानें दांतही आहेत. अशा मनुष्यास ‘हें तूं वेळेवर कां केलें नाहींस?’ असें विचारणें म्हणजे त्याच्या बापाच्या दारिद्र्याचा जाब त्यास विचारणें होय.

पहिला आक्षेप वैराग्याच्या बाजूनें येतो, आणि तो हलका नाहीं. अंगावर सुरकुत्या, केसांत पांढरेपणा आणि मुलाचें मूल दृष्टीस पडलें म्हणजे गृहस्थानें अरण्याचा आश्रय करावा असें मनूनें सांगितलें. ज्या वयांत देहावरचा लोभ सोडावयाचा, त्या वयांत देह सजवावयाचा हा उलटा क्रम नव्हे काय? यावर कोणी उत्तर देतात कीं, हा प्रश्न सजावटीचा नसून आरोग्याचा आहे. दाटीवाटीनें उगवलेल्या दांतांच्या सांदींत ब्रश पोंचत नाहीं, अन्न अडकतें, हिरड्या बिघडतात. पडलेल्या दांताच्या जागीं शेजारचा दांत कलतो, व तो उभा केल्यावांचून कृत्रिम दांत नीट बसविणें कठीण होतें. मोतीबिंदु काढून घेणाऱ्या आजोबांस आपण म्हातारचळ लागला असें म्हणत नाहीं. मग दांतांनींच काय पाप केलें?

हें उत्तर कांहीं जणांपुरतें पूर्ण सत्य आहे. तथापि सर्वांनींच त्याच्या आड लपावें हें आम्हांस पसंत नाहीं. तार लावून घेणाऱ्या प्रौढांपैकीं कित्येकांचे दांत चावण्याच्या कामीं बिनतक्रार असतात. त्यांना ते दिसावयास चांगले हवे असतात. आपल्या मध्यमवर्गास सौंदर्याची इच्छा उघड बोलून दाखविण्याची लाज वाटते, म्हणून ती आरोग्याचें पांघरूण घेऊन घरांत शिरते. आमचें म्हणणें असें कीं, पांघरूण काढावें आणि त्या इच्छेकडेच नीट पाहावें. ती खरोखरच निंद्य आहे काय?

आमच्या परिचयाच्या एक बाई आहेत. त्यांचे पुढचे दांत लहानपणापासून ओठाबाहेर आलेले. भावांच्या फीची विवंचना असलेल्या घरांत मुलीच्या दांतांचा विचार कोणाच्या मनांत येण्याचें कारण नव्हतें. त्यांस पाहावयास आलेल्या एका स्थळानें नकाराचें कारण तोंडावर सांगितलें. तेव्हांपासून हसतांना तोंडापुढें पदर धरण्याची त्यांस संवय जडली. पुढें लग्न झालें, संसार झाला, शाळेंत तीस वर्षें अध्यापन झालें. परंतु वर्गांत त्या कधीं मोकळेपणीं हसल्या नाहींत, आणि विद्यार्थी त्यांना कडक समजत राहिले. सेवानिवृत्तीच्या वर्षीं त्यांनीं स्वतःच्या पैशांतून तार लावून घेण्याचें ठरविलें. मुलगा मायाळू, त्यानें मायेनेंच विचारलें, ‘आई, आतां या वयांत कशाला? तुला आतां कोण पाहणार आहे?’ त्या म्हणाल्या, ‘कोणी पाहावें म्हणून नव्हे रे. हसतांना हात तोंडाशीं न्यावा लागूं नये, म्हणून.’

या उत्तरांत आमच्या प्रश्नाचें मर्म आहे. दुसऱ्यांनीं आपणांकडे पाहावें ही एक इच्छा, आणि आपण दुसऱ्यांपासून लपूं नये ही दुसरी. बाहेरून दोहींचें कृत्य एकच दिसतें. दोघींही आरशासमोर उभ्या राहतात. परंतु पहिली मनुष्यास स्वतःमध्यें अधिक गुंतविते, आणि दुसरी त्यास स्वतःच्या विचारांतून सोडविते. ज्याला हसण्यापूर्वीं ओठांची व्यवस्था करावी लागते, तो पूर्णपणें दुसऱ्याच्या आनंदांत कधींच नसतो. वैराग्याचा अर्थ देहाचें भान सुटणें असा असेल, तर चाळीस वर्षें चिकटून राहिलेलें तें भान सोडविणारा उपाय वैराग्याच्या विरुद्ध नसून त्याच्याच वाटेवरील आहे असें आम्ही म्हणूं.

दुसरा आक्षेप हिशेबाचा. उरलीं किती वर्षें, आणि त्यांतलीं दोन तारेंत घालवावयाचीं! हें म्हणजे वरातीमागून घोडें. पण हा हिशेब एकदां मान्य केला तर तो दांतांपाशीं थांबत नाहीं. रोमचा केटो म्हातारपणीं ग्रीक भाषा शिकला असें सिसरोनें आपल्या वार्धक्यावरील ग्रंथांत त्याच्याच तोंडून वदविलें आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १९३६ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं नवी संस्था काढली; ते १९६२ पर्यंत जगले, पण हें त्यांस १९३६ सालीं ठाऊक नव्हतें. दांत सरळ करणें आणि खेड्यांत शाळा काढणें हीं एका तोलाचीं कामें नव्हेत हें आम्ही जाणतों. आमचें म्हणणें एवढेंच कीं, उरलेल्या वर्षांच्या संख्येवरून कामाची योग्यता ठरत नाहीं. ती ठरवावयाची तर त्या कामाचा हेतु व त्याची किंमत पाहावी.

आणि किंमतीचा प्रश्न उडवून लावतां येत नाहीं. ज्या घरांत मुलाचें शिक्षण कर्जावर चाललें आहे किंवा पत्नीची शस्त्रक्रिया पैशावांचून लांबणीवर पडली आहे, त्या घरांतील कर्त्या पुरुषानें आपल्या दांतांवर मोठी रक्कम खर्चावी हें आम्ही योग्य म्हणणार नाहीं. पण तेथें दोष वयाचा नाहीं. पंचविशीच्या तरुणानें तेंच केलें तरी तें तितकेंच वाईट.

आणखी एक धोका आहे, आणि तो आम्हांस सर्वांत अधिक वाटतो. १९९७ सालीं कॅलिफोर्नियांत स्थापन झालेल्या एका कंपनीनें तारेऐवजीं प्लॅस्टिकच्या पारदर्शक साच्यांची पद्धति बाजारांत आणली. साचा जेवतांना काढतां येतो व समोरच्यास सहसा दिसत नाहीं. त्यामुळें ‘चारचौघांत शोभा होईल’ ही प्रौढांची भीति पुष्कळ कमी झाली. ही सोय चांगली. परंतु सोयीबरोबर जाहिरात येते, आणि जाहिरातीचा धंदा असा कीं ज्यांस लाज वाटत नव्हती त्यांस ती प्रथम वाटावयास लावावी, आणि मग तिच्यावरचा उपाय विकावा. दोन दांतांमधली फट घेऊन साठ वर्षें सुखानें हसलेल्या गृहस्थास ‘तुमच्यांत कांहीं न्यून आहे’ असें पटवून देणें हें परोपकाराचें कृत्य नव्हे. म्हणून या वाटेनें जाऊं इच्छिणाऱ्यास आम्ही एक कसोटी सुचवितों. दांत सरळ झाल्यावर दुसऱ्याच्या वांकड्या दांतांकडे पाहण्याची आपली दृष्टि कशी असेल, याचा त्यानें विचार करावा. ती अधिक ममतेची होणार असेल तर त्यानें अवश्य जावें. ती तुच्छतेची होणार असेल तर त्याला लाजेपासून सुटका नको आहे. ती लाज दुसऱ्याच्या गळ्यांत बांधावयाची आहे.

या उपचाराचा शेवटचा नियम मात्र कोणत्याही जाहिरातींत ठळक अक्षरांत छापलेला आम्हीं पाहिला नाहीं. तार निघाली म्हणजे काम संपलें असें नाहीं. सरळ केलेले दांत पूर्वस्थळीं परतूं पाहतात. शिवाय वयाबरोबर खालचे पुढचे दांत दाटी करूं लागतात, मग पूर्वीं तार लावलेली असो वा नसो. म्हणून रात्रीं निजतांना रिटेनर नांवाचा साचा घालावा लागतो, व तज्ज्ञ सांगतात कीं जोंवर दांत सरळ राहावे अशी इच्छा आहे तोंवर तो घालावा. म्हणजे मिळविलेलें सौंदर्य येथें कायमचें आपल्या मालकीचें होत नाहीं, तें रोज राखावें लागतें. विद्या, मैत्री, शांत स्वभाव, यांचीही उतारवयांत हीच गत असते. एकदां मिळविलीं म्हणून तीं राहत नाहींत. ज्याला हें रोजचें राखणें जाच वाटत नाहीं त्यानें हें काम कोणत्याही वयांत आरंभावें, आणि ज्याला तें वाटतें त्यानें तरुणपणींही आरंभूं नये.

तेव्हां ‘आतां या वयांत कशाला?’ हा प्रश्न वाईट नाहीं. मात्र तो ज्याचा त्यानें स्वतःस विचारावयाचा आहे. हेतु, खर्च आणि सायास तपासून त्यानें ‘नको’ म्हटलें तर तें समाधान खरें. ‘हवें’ म्हटलें तर घरच्यांनीं दंतवैद्याकडे जाण्याच्या दिवशीं त्याच्यासाठीं मऊ भात टाकावा, आणि निवाडा करण्याचें काम सोडून द्यावें. बाहेरच्यांचें म्हणाल तर, हसतील त्यांचे दांत दिसतील.