विंचू कोणता, वाघ कोणता?



ज्या घरात हरिपाठ होतो, एकादशीला भजन होते, त्या घरातले लेकरू कधी ना कधी विचारतेच. मुक्ताबाईंच्या अभंगातली मुंगी सूर्याला गिळते, मग तिचे तोंड भाजत नाही का? ज्ञानोबारायांच्या अभंगात काट्याच्या टोकावर तीन गावे वसतात, तिथे माणसे राहतात कशी? आपण हसतो, ‘मोठा झालास की कळेल’ म्हणतो आणि टाळ हातात घेतो. प्रश्न तिथेच राहतो.

आपल्या ऊर्जानगरात हा प्रश्न नुसत्या गमतीचा नाही. कीर्तनात बुवा सांगतात, ‘अहंकाराचा वाघ दारात बसला आहे.’ शहरातले लेकरू हे ऐकून पुढच्या वाक्याकडे वळेल. आपले लेकरू दाराकडे बघते, आणि त्याचे काही चुकत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा जीव घेतला आणि पाठोपाठ शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा. इथे वाघ आधी वाघ असतो, दृष्टांत नंतर. म्हणून कोणता शब्द जसाच्या तसा घ्यायचा आणि कोणता आत वळवायचा, हे लेकराला वेळेवर शिकवावे लागते. प्रवचनात आपण त्यालाच वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ म्हणतो. नावे जड आहेत, गोष्ट सोपी आहे.

सुरुवात पोथीपासून करू नका, घरच्या बोलण्यापासून करा. आपण म्हणतो, ‘लाइन गेली.’ कुठे गेली? तिला पाय आहेत का? ‘पोटात कावळे ओरडतात.’ किती कावळे? ‘डोळ्यांत तेल घालून राखण केली.’ खरेच तेल घातले असते तर काय झाले असते? लेकरू खदखदून हसेल, आणि हसता हसता त्याला कळेल की आपण दिवसभर असेच बोलतो. शब्द एक गोष्ट दाखवतो आणि दुसरीच सांगतो. हे कळले की संतांचे बोलणे त्याला परके वाटत नाही.

मग नाथांच्या विंचवाच्या भारुडाकडे या. नाथमहाराजांनी लोकांच्या ओळखीच्या वस्तू, ओळखीची सोंगे घेतली आणि त्यांतून परमार्थ सांगितला. या भारुडात तर किल्लीही त्यांनीच हातात दिली आहे. विंचू म्हणजे काम आणि क्रोध, हे ते स्वतःच सांगतात, आणि उतारा सत्त्वगुणाचा देतात. लेकराला विचारा, राग विंचवासारखा कसा? ते सांगेल, विंचू लहान असतो, दगडाखाली लपतो. नांगी शेवटी असते, पण आग सगळ्या अंगात पसरते. रागाचेही तसेच. आता उलट विचारा, रागाला आठ पाय असतात का? नाही. म्हणजे दृष्टांत काही अंतरापर्यंत आपल्याबरोबर चालतो आणि मग थांबतो. तो कुठे थांबला हे ओळखणे ही निम्मी समज आहे. ज्ञानेश्वरीत माउली एकाच गोष्टीसाठी दृष्टांतामागून दृष्टांत का देतात, याचे एक कारण मला हेच वाटते. एकच उपमा दिली असती तर आपण तिलाच धरून बसलो असतो. पाच दिल्या की कळते, वस्तू या पाचांच्याही पलीकडे आहे.

इथे एक गोष्ट लेकराच्या मनावर ठसवलीच पाहिजे. नाथांचा उतारा नाथांनी सांगितलेल्या विंचवावर आहे. धानाच्या बांधावर खरा विंचू चावला, खरा साप डसला, तर अंगारा नाही, मंत्र नाही, तडक दवाखाना. कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावताना पाहिली, अभ्यास केला आणि प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून असंख्य जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भारूड आणि औषध यांत भांडण नाही. एक मनातल्या विषासाठी आहे, एक रक्तातल्या. पण या दोघांची अदलाबदल झाली की माणूस मरतो, आणि नाव मात्र संतांचे खराब होते.

म्हणून लेकराला तीन प्रश्नांची सवय लावा. पहिला, हे असेच्या असे घडले तर काय होईल? मुंगी सूर्य गिळू शकत नाही, म्हणजे आत काही वेगळे आहे. दुसरा, यातले काय कशासारखे आहे, आणि साम्य कुठे संपते? तिसरा, हे कोण, कोणाला, कोणत्या वेळी बोलत आहे?

हा तिसरा प्रश्न का महत्त्वाचा, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी चिमूरला घुमली. झाडाझुडपांत आणि दगडांत शस्त्र पाहणारे, भजनी माणसांत सैन्य पाहणारे त्यांचे भजन त्या दिवसांत लोकांच्या तोंडी झाले. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटले. गोळीबार झाला, माणसे गेली, सरकारी अधिकारीही मारले गेले. महाराजांना अटक होऊन नागपूर, रायपूरच्या तुरुंगात राहावे लागले. भजनातला दगड म्हणजे निःशस्त्र माणसाचा निर्धार, असा अर्थ एक जण घेईल. परक्या सरकारला तो हुकूम वाटला. शब्द तेच, पण वेळ पेटलेली असली की रूपक आणि कृती यांमधली भिंत फार पातळ होते. लेकराला हेही कळू द्या. रूपक म्हणजे नुसती सजावट नव्हे, त्यात दारू भरलेली असते. ते बोलणाऱ्याने जपून बोलावे आणि ऐकणाऱ्याने जपून ऐकावे.

माउली, इथपर्यंत लेकरांचे झाले. आता आपले.

लेकराची चूक एकाच बाजूची असते. ते रूपकाला खरे मानते. ती चूक वय वाढले की आपोआप सुटते. आपण मोठी माणसे दुसऱ्या बाजूची चूक करतो, आणि ती वयाबरोबर वाढत जाते. जे शब्दशः करायला सांगितले, त्याला आपण रूपक करून टाकतो. ‘सर्वांभूती देव’ हे आपण रोज म्हणतो. लेकरू विचारते, ‘म्हणजे खरेच सगळ्यांत?’ आपण म्हणतो, ‘हो.’ ते विचारते, ‘मग भांडी घासणाऱ्या मावशींचा कप वेगळा का?’ आणि आपल्याला अचानक लक्ष्यार्थ आठवतो. ‘अरे, ते तसे नसते, त्याचा अर्थ खोल असतो.’

खोल काही नसते. तिथे अर्थ अगदी वर असतो, हाताला लागेल असा. परंपरा सांगते, कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. नाथांनी कावडीतले गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजले. ‘सगळ्यांत देव आहे’ या वाक्याचा खोल अर्थ शोधत ते बसले नाहीत. त्यांनी ते वाक्य लेकरासारखे घेतले, जसेच्या तसे.

आणि आपण काय केले? चोखोबारायांची समाधी पंढरीच्या महाद्वारी आहे. त्यांचे अभंग आपण पिढ्यान् पिढ्या गायलो, भेदाभेद अमंगळ मानला आणि तरीही त्यांच्या समाजाला राऊळात पाऊल टाकू दिले नाही. ओठांवर अभंग होता, दाराला अडसर होता, आणि दोन्हींत विसंगती दिसत नव्हती. कारण अभंगाला आपण नुसते गोड रूपक करून ठेवले होते. शेवटी साने गुरुजी उभे राहिले. १ मे १९४७ ला पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, त्यांनी उपोषण सुरू केले. १० मे ला ते सुटले आणि विठोबाचे दार सर्वांना उघडायचे ठरले. गुरुजींनी नवे तत्त्वज्ञान सांगितले नव्हते. आपण गात होतो तेच त्यांनी शब्दशः घेतले होते.

तर मग ओळखायचे कसे? मला एक खूण सापडते. शब्दशः घेतल्यावर ज्या वाक्याने कोणाचा जीव धोक्यात येतो, त्याला आत वळवा, ते रूपक आहे. आणि शब्दशः घेतल्यावर ज्या वाक्याने फक्त आपली सोय, आपला मान, आपला पैसा थोडा कमी होतो, त्याला रूपक म्हणण्याची घाई करू नका. तिथे आपला लक्ष्यार्थ बहुधा पळवाट असतो. ही खूण प्रत्येक ठिकाणी पुरेल असे नाही. पण ती लावून पाहिली तर आपण कुठे कुठे निसटतो ते दिसते.

म्हणून लेकराला दोन्ही शिकवा. मुंगीला खुशाल सूर्य गिळू द्या आणि त्यामागे काय आहे ते शोधायला त्याला वेळ द्या, उत्तर लगेच त्याच्या हातात ठेवू नका. झुडपात काही हलले तर दृष्टांत आठवू नकोस, मागे फिर, हेही सांगा. आणि ते कपाबद्दल विचारील, तेव्हा त्याला अर्थ समजावत बसू नका. उठा आणि मावशींना घरातल्याच कपात चहा द्या. त्या लेकराने वाक्य बरोबर वाचले आहे.

रामकृष्ण हरी.